जोडीची गोळी

मनाचा आजार असलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत. पोरगा पहिल्यापेक्षा बरा आहे. पण अजून कोपऱ्यात बसून राहतो, अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, रानात नेला तर बांधावर बसतो. मग कोणीतरी सांगतं, गोळ्यांच्या जोडीला ताकदीच्या कॅप्सूल सुरू करा, त्यात अँटिऑक्सिडंट असतं, मेंदूला चांगलं असतं. कोणी माशाच्या तेलाचं नाव घेतं, कोणी व्हिटॅमिन ई, कोणी आणखी काही. आई ऐकते आणि बचत गटातून कर्ज उचलावं का, याचा हिशोब मांडू लागते.

हा सल्ला हवेतून आलेला नाही. त्याच्या मागं सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली दोन पानं आपल्या महाराष्ट्रात लिहिली गेली, एक पुण्यात आणि एक नागपुरात. आज तीच गोष्ट सांगते. ऐकून झाल्यावर त्या आईनं बाटली घ्यावी की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आधी आजाराबद्दल थोडं. स्किझोफ्रेनिया हा शब्द जिभेला जड आहे. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, तोही काही हलका नाही. या आजारात माणसाला इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, जेवणात काही कालवलंय, असं पक्कं वाटायला लागतं. काहींची बोलायची, उठायची, कुणात मिसळायची इच्छाच आटून जाते. बहुतेक वेळा तरुण वयात सुरू होतो. मुलांमध्ये जरा लवकर, बायकांमध्ये थोडा उशिरा, म्हणजे पुष्कळदा लग्न झाल्यावर. मग 'आधीच होतं, लपवून दिलं' म्हणत सुनेला माहेरी धाडतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सांगतो, की मोठ्या माणसांत साधारण २२२ जणांमागे एकाला हा आजार असतो. तेव्हा हजार-दीड हजार मोठ्या माणसांच्या गावात पाच-सात घरं तरी या दुःखातून जात असणार. बोलून कोणी दाखवत नाही, एवढंच.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते बघू. हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच कळतं. शेंगदाण्याचं कूट उन्हाळ्यात डब्यात फार दिवस राहिलं की खवट होतं. हवेतला ऑक्सिजन त्यातल्या तेलाला लागतो आणि तेल बिघडतं. सफरचंदाची फोड उघडी ठेवली की काळपट पडते, तेही त्याच जातीचं काम. पण त्या फोडीला लिंबू चोळलं तर ती बराच वेळ पांढरी राहते, कारण लिंबातलं व्हिटॅमिन सी त्या ऑक्सिजनचा मार स्वतःवर घेतं. असा मार अंगावर घेणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आपल्या शरीरात असे पदार्थ तयार होतात, आणि काही जेवणातून येतात. आवळा, पेरू, लिंबू, शेवग्याचा पाला यांतून व्हिटॅमिन सी मिळतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलातून व्हिटॅमिन ई.

मेंदूला या मारापासून जास्त जपावं लागतं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोन, पण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा शंभरातला वीस वाटा तो एकटा खातो. शिवाय तो चरबीनं भरलेला. भरपूर ऑक्सिजन आणि भरपूर चरबी एके ठिकाणी, म्हणजे खवट व्हायला मोकळं रान. मग मनात सरळ येतं, की आजारी मेंदूत खवटपणा वाढला असेल तर लिंबू चोळून बघू. शास्त्रज्ञांच्याही मनात हेच आलं.

सुरुवात कॅनडात झाली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सस्कॅचेवान नावाच्या, गव्हाच्या शेतांच्या प्रांतात अब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड हे दोन डॉक्टर मनोरुग्णांवर काम करत होते. आपण घाबरलो की छाती धडधडते, ती अ‍ॅड्रिनॅलिन नावाच्या रसामुळं. हा रस शिळा झाला, त्याला ऑक्सिजन लागला, की गुलाबी पडतो. त्या दोघांचा अंदाज असा, की काही माणसांच्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन असंच बिघडत असावं आणि त्या बिघडलेल्या रसानं भास होत असावेत. म्हणून त्यांनी रुग्णांना नायसिन हे बी गटातलं व्हिटॅमिन आणि व्हिटॅमिन सी मोठ्या प्रमाणात द्यायला सुरुवात केली.

नायसिनच का? त्याचं कारण आपल्या ज्वारीच्या मुलखाला जवळचं आहे. पेलाग्रा नावाचा एक आजार आहे. त्यात उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे पडतात, जुलाब लागतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब माणसं मक्यावरच जगत. तिथं हा आजार इतका होता की वेड्यांची इस्पितळं या रोग्यांनी भरलेली असत. १९३७ साली कळलं की हा आजार नायसिनच्या कमतरतेनं होतो. नायसिन दिलं आणि भ्रमिष्ट माणसं शुद्धीवर आली. आपल्याकडं हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं, की दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा होतो. ज्वारीत ल्युसिन नावाचा घटक जास्त असतो, तो नायसिनच्या कामात आड येतो, असं त्यांनी मांडलं. परंडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा हा अभ्यास आपल्याच मुलखाच्या ताटाचा होता म्हणायला हरकत नाही. भाकरीला घाबरू नका हं. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध-ताक असेल तर काही होत नाही. नुसती भाकरी आणि मीठ-मिरची खायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांची ही गोष्ट.

सांगायचा मुद्दा असा की हॉफर आणि ऑस्मंड वेडी आशा धरून बसले नव्हते. एका व्हिटॅमिननं एका प्रकारचं भ्रमिष्टपण बरं झालेलं जगानं पाहिलं होतं. तसंच स्किझोफ्रेनियाचं असेल, असं त्यांना वाटलं. आपल्या रुग्णांना फायदा होतो असं त्यांनी लिहिलं. पुढं १९६८ साली लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञानं या विचाराला पाठिंबा दिला. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला माणूस बोलल्यावर दुकानदारांना आणखी काय पाहिजे! व्हिटॅमिनच्या बाटल्या खपू लागल्या.

पण दुसऱ्या डॉक्टरांनी तेच करून बघितलं तेव्हा तसा फायदा दिसेना. एक अडचण तर गमतीची होती. नायसिन मोठ्या प्रमाणात घेतलं की चेहरा लाल होतो, अंग तापल्यासारखं वाटतं. मग खरी गोळी कुणाला आणि बिनऔषधाची कुणाला, हे तोंडावरूनच कळतं, आणि ज्याला कळलं त्याला बरं वाटायला लागतं. १९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनं सगळं तपासून सांगितलं, की या मोठ्या डोसच्या व्हिटॅमिनांचा दावा सिद्ध होत नाही. त्यानंतर बरीच वर्षं हा विषय काढणाऱ्या डॉक्टरकडं लोक जरा संशयानंच बघत.

दरम्यान खरी औषधं आली होती. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध या आजारात पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि त्यानंतर एकामागून एक गोळ्या निघाल्या. आवाज आणि संशय त्यांनी कमी होतात. पण कोपऱ्यात बसून राहणारा मुलगा त्यांनी उठून कामाला लागतोच असं नाही, आणि वजन वाढणं, हात थरथरणं, सुस्ती हे त्रासही आहेत. म्हणून 'जोडीला आणखी काही' हा प्रश्न कधी मिटला नाही. आता तो प्रश्न आपल्याकडं येतो.

साहेबराव महाडिक हे आपले मराठी शास्त्रज्ञ अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करत. रक्तातल्या पेशींच्या चरबीत आणि खवटपणात या आजारात काय फरक पडतो, हा त्यांचा विषय. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर होते. त्यांचं नाव खरं तर पिकांच्या जनुकांच्या अभ्यासासाठी घेतलं जातं. या दोघांनी पुण्यातल्या डॉक्टरांना आणि तरुण संशोधकांना जोडून घेऊन काम उभं केलं. आपल्याच लोकांचं रक्त, आपलंच जेवण, आणि तुलनेलाही इथलीच निरोगी माणसं. परदेशात केलेल्या अभ्यासात रुग्ण काय खातो, किती सिगारेट ओढतो, यानं सगळा गोंधळ होतो. इथं निदान ताट सारखं होतं.

खवटपणा मोजायची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. खाद्यतेल किंवा मांस किती खवट झालंय हे तपासायला एक रसायन वापरतात. ते मिसळलं की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितका खवटपणा जास्त. तीच चाचणी रक्तावर करतात. पुण्याच्या अभ्यासात दिसलं, की रुग्णांच्या रक्तात खवटपणा जास्त आहे आणि मेंदूला लागणारी चांगली चरबी कमी आहे. अजून एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही हे दिसलं. म्हणजे हा दोष औषधांनी आणलेला नव्हता. हे महत्त्वाचं होतं.

मग उपायाची पाळी. २००३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ३३ रुग्णांना चार महिने सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल दिल्या. माशाच्या तेलातले दोन घटक, एक १८० मिलिग्रॅम आणि एक १२० मिलिग्रॅम. त्याबरोबर व्हिटॅमिन ई ४०० युनिट आणि व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच. चांगली चरबी वाढवायची, आणि ती वाढलेली चरबी खवट होऊ नये म्हणून जोडीला व्हिटॅमिनं, असा विचार. चार महिन्यांनी रक्तातली चांगली चरबी वाढली, खवटपणा वाढला नाही. आजाराची लक्षणं मोजली तर तीही कमी झालेली, आणि रोजचं जगणं सुधारलेलं. माळकरी घरातला रुग्ण असेल तर माशाच्या तेलाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तो माझ्याही मनात आला.

यानंतर त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. कॅप्सूल बंद करून चार महिन्यांनी पुन्हा तपासलं. रक्तातली चरबी पहिल्यासारखी खाली आली होती. पण रुग्णांना पडलेला आराम मात्र बराचसा टिकून होता.

इथं जरा थांबू या. ही बातमी दोन बाजूंनी वाचता येते. एक बाजू म्हणते, कॅप्सूलनं आतून दुरुस्ती केली आणि ती टिकली. दुसरी बाजू म्हणते, चरबी खाली आली तरी आराम टिकला, मग आराम कॅप्सूलचाच होता कशावरून? चार महिने डॉक्टर वारंवार भेटत होते, विचारपूस होत होती, घरचे नियमानं गोळ्या देत होते. आराम त्याचा नसेल कशावरून?

याचं उत्तर त्या अभ्यासात मिळत नव्हतं, कारण तुलनेला दुसरा गट नव्हता. आपण शेतातलं उदाहरण घेऊ. एका वर्षी ज्वारीला नवं खत टाकलं आणि पीक जोरात आलं. त्याच वर्षी परतीचा पाऊसही चांगला झाला. श्रेय खताला द्यायचं की पावसाला? खरं कळायचं असेल तर एकाच रानात, एकाच पावसात, एका तुकड्याला खत टाकायचं आणि दुसऱ्याला नाही. माणसांतही तसंच. रुग्णांचे दोन गट करायचे, तेही भिशीत नाव काढतो तसे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे बरे-बरे एकीकडं आणि अवघड दुसरीकडं असं होणार नाही. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे रुग्णालाही सांगायचं नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

नागपूरच्या संशोधकांनी हेच केलं. दाखले, खानझोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ साली छापून आला. ४० रुग्ण, वीस-वीसचे दोन गट. सगळ्यांना नव्या पिढीच्या गोळ्या चालू. एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, दुसऱ्याला बिनऔषधाची गोळी. आठ आठवड्यांनी व्हिटॅमिन सी घेतलेल्या गटात खवटपणा जास्त कमी झाला, आणि लक्षणांचा आकडाही जास्त उतरला. स्वस्तातलं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं व्हिटॅमिन सी. आशा वाटावी असाच निकाल होता, आणि चाचणी पुण्यापेक्षा काटेकोर होती. पण वीस माणसं आणि आठ आठवडे. एवढ्यावरून गावोगावच्या रुग्णांना गोळी सुरू करा असं कोणी सांगू शकत नव्हतं, आणि आजही सांगू शकत नाही.

पुढं जगात मोठ्या चाचण्या झाल्या. त्या एकेक करून ऐकल्या की एक चाल लक्षात येते. व्हिएन्नात २०१० साली, आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या ८१ तरुणांवर माशाच्या तेलाची चाचणी छापून आली. तेल घेतलेल्या ४१ पैकी दोघे वर्षभरात आजारी पडले, न घेतलेल्या ४० पैकी ११. डोळे विस्फारावेत असा फरक. मग २०१७ साली अनेक देशांतल्या ३०४ तरुणांवर तेच करून बघितलं, तर दोन्ही गटांत आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. ऑस्ट्रेलियात २००८ साली एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन नावाच्या औषधाची १४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. हेच औषध क्रोसिनसारख्या तापाच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर विष उतरवायला दवाखान्यात देतात. रोज २ ग्रॅम दिलं, तर थोडा फायदा दिसला. पुढं अवघड, औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांवर ते वर्षभर देऊन बघितलं, तेव्हा बिनऔषधाच्या गोळीपेक्षा वेगळं काही दिसलं नाही.

आणि नॉर्वे. मला या सगळ्यात नॉर्वेची चाचणी सगळ्यात जास्त विचार करायला लावते, कारण तिनं पुण्याच्या कॅप्सूलचीच पारख केली. २०१३ साली ती छापून आली. ९९ तरुण रुग्ण, १६ आठवडे. काहींना नुसता माशाच्या तेलातला घटक, काहींना नुसती व्हिटॅमिन ई आणि सी, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. ज्यांच्या रक्तात चांगली चरबी मुळात कमी होती, त्यांच्यापैकी नुसतं तेल मिळालेल्यांचे भास-भ्रम वाढले आणि चाचणी अर्धवट सोडणारेही जास्त निघाले. नुसती व्हिटॅमिनं घेणाऱ्यांचा 'माझ्यामागं लोक लागलेत' हा संशय वाढला. दोन्ही एकत्र दिली तर हा तोटा दिसला नाही. म्हणजे पुण्यानं दोन्ही जोडून दिलं यात शहाणपण होतं. पण त्या जोडीनं आजार कमी झाला, असं काही नॉर्वेत दिसलं नाही.

'व्हिटॅमिन आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय होणार' हे वाक्य आपण रोज ऐकतो. ते खरं नाही, हे नॉर्वेत दिसलं आणि त्याच्याही आधी फिनलंडमध्ये दिसलं होतं. तिथं २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरात असतो तो अँटिऑक्सिडंट, गोळीतून दिला. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल म्हणून. १९९४ साली निकाल आला, तो कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खा, गाजरानं काही होत नाही. गोळीत एकच घटक ढिगानं येतो, ती गोष्ट वेगळी. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत बिडी-सिगारेटचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जगभरच्या चाचण्या गोळा करून तोलणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिनं २०१६ साली या आजारातल्या अँटिऑक्सिडंटच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की बहुतेक चाचण्या लहान, थोड्या दिवसांच्या आणि कच्च्या आहेत. काहींत फायद्याची खूण दिसते, पण त्यावर भरवसा ठेवून उपचार ठरवावा इतका पुरावा नाही.

याच्या शेजारी रोजच्या गोळ्यांचा आकडा ठेवून बघा. २०१२ साली ६५ चाचण्या एकत्र करून जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की औषध चालू ठेवणाऱ्या १०० जणांपैकी वर्षभरात २७ जणांचा आजार उलटला. ज्यांना औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी मिळाली, त्यांच्यात १०० पैकी ६४ जणांचा. एवढा मोठा फरक या सत्तर वर्षांत कुठल्याही व्हिटॅमिननं दाखवलेला नाही. पुण्यात, नागपुरात, नॉर्वेत, ऑस्ट्रेलियात, जोडीची गोळी सगळीकडं जोडीलाच होती. मूळ गोळी काढून त्या जागी व्हिटॅमिन, असं या चाचण्यांत कोणीच केलं नाही. हे मी दोनदा सांगते, कारण गावात नेमकं उलटं घडतं. महिन्याला दोन खर्च परवडत नाहीत. मग बाटली 'ताकदीची' म्हणून राहते, आणि 'झोपेच्या गोळ्या' म्हणून औषधच बंद होतं.

जोडीला म्हणून आणखी एक गोष्ट आपल्याकडं चाचणी करून पाहिली गेली, आणि ती गोळी नव्हती. साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून २८२ रुग्णांवर ती चाचणी झाली, २०१४ साली छापून आली. दवाखान्यातला उपचार सगळ्यांना होताच. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या एका गटाच्या घरी मात्र त्याच भागातले, थोडं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते जात. डॉक्टर नव्हेत, तुमच्या-माझ्यासारखे लोक. गोळ्या का घ्यायच्या ते समजावणं, अंघोळ-जेवण-काम यांची घडी बसवणं, घरच्यांचं ऐकून घेणं, सरकारी सवलती मिळवून देणं, असं त्यांचं काम. वर्षभरानं त्या गटाची लक्षणं आणि अडचणी दुसऱ्या गटापेक्षा कमी निघाल्या. फरक फार मोठा नव्हता, तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो जास्त दिसला. खर्चही आला. पण खेड्यात तो जास्त दिसावा, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. पुण्याच्या ३३ रुग्णांचा आराम कॅप्सूल थांबल्यावर का टिकला असेल, हा प्रश्नही इथं पुन्हा आठवतो.

पुण्यात त्याच काळात घरच्यांच्या बाजूनंही काम उभं राहिलं होतं. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात शिकवणारे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथं रुग्णांचे आई-बाप, भाऊ-बहिणी एकत्र बसून बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा सिनेमा २००४ साली आला, त्याच्यामागंही वाणींचा हात होता. कोणाकडं मोबाइलवर मिळाला तर गटात लावून बघा. अतुल कुलकर्णीनं केलेला शेष आणि त्याची बहीण, दोघांनाही आपण ओळखतो असं वाटेल.

तर ती आई आणि तिची बाटली. घ्यायचीच असेल तर आधी तिच्यावरचं लेबल घेऊन डॉक्टरांकडं जावं. आपल्याला परंड्याहून बार्शी जवळ पडते, काहीजणी सोलापूरला जातात, सरकारी दवाखाना म्हटलं तर धाराशिवचं जिल्हा रुग्णालय आहे. कुठंही गेलं तरी विचारायचं तेच. ही कशासाठी, किती दिवस, काय बदल दिसला तर चालू ठेवायची आणि काय दिसलं तर बंद करायची. ब्लड प्रेशरच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं, कारण व्हिटॅमिन ई आणि माशाचं तेल जास्त झालं तर रक्त थांबायला वेळ लागू शकतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मूळ गोळी आणि दवाखान्यात जायचं एसटीचं भाडं आधी. पेरू, आवळा, शेवगा, शेंगदाणा घरात असेल तर सगळ्यांच्याच ताटात वाढा, रुग्णासाठी वेगळं काही नको.

रात्री-अपरात्री घरात गडबड झाली, डॉक्टर लांब आहेत, काय करावं कळत नाही, अशा वेळी १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. नंबर पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला तरी चालेल.